जानकी मॅडमचा निळा डबा

जानकी मॅडम गेल्याचा मेसेज फिरदौसने पाठवला तेव्हा मी चारकोपला, घरी, कपडे वाळत घालत होते. आठवडाभर तापात होत्या, मुलुंडच्या दवाखान्यातच वारल्या, एवढंच त्यात होतं. मेसेज वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते. पण तेच लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही. मला वाटलं, आता त्यांना कधीच कळणार नाही. आणि क्षणभर... बरं वाटलं.

मॅडम आम्हाला एम.ए.ला समाजशास्त्र शिकवायच्या. आमचं विद्यापीठ मोठं, सरकारी. वर्गात घाटकोपरची फिरदौस, कोल्हापूरकडचे दोघे, मणिपूरची एक मुलगी, समोरच्या बाकांवर चांगल्या कॉलेजांतून आलेली, भराभर इंग्रजी बोलणारी मुलं, आणि मागे मी. माझे बाबा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीनवर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मॅडम डहाणूजवळच्या एका आदिवासी पाड्यावरून आलेल्या. विभागातल्या प्राध्यापकांमध्ये तशा त्या एकट्याच होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी पत्र्याचा एक निळा बिस्किटांचा डबा उघडला आणि प्रत्येकाला कोरं कार्ड दिलं. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. घरी कोणती भाषा बोलता? इथे पोचायला किती वेळ लागतो? घरातलं तुमच्याआधी कॉलेजात कोण गेलं? नाव लिहायचं, पण आडनाव लिहायचं नाही. हजेरीसुद्धा त्या नावानेच घ्यायच्या.

मला लगेच संशय आला. आमच्या घरात हे रक्तातच आहे. बाबा नेहमी सांगतात, "आपली म्हायती कोणी इचारल्यान तर आदी त्येका इचारूचा, तुका कित्याक व्हयी?" तुला कशाला हवी, असं. मला तोंड उघडून विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी खोटं लिहिलं. घरी मालवणी बोलतो, तिथे 'मराठी' लिहिलं. आणि तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, 'मोठे काका, बी.कॉम.' माझे काका आठवीत शाळा सोडून गावी आंब्याच्या बागेत राखणीला आहेत.

पुढे संशय वाढतच गेला. वर्गात कोणी काही बोललं की मॅडम डब्यातून त्याचं कार्ड काढायच्या आणि मागे पेन्सिलने एक रेघ मारायच्या. का, ते सांगायच्या नाहीत. "आपल्यावर संशोधन करतायत," मी फिरदौसला म्हणाले, "पुस्तक लिहितील, त्यात आपण उंदीर." ती हसली. "लिहू दे ना यार. माझं नाव नीट छापलं म्हणजे झालं." ती बडबडी, रोज दोन-तीन रेघा मिळवायची. मी गप्प. मी बोलले नाही तर माझ्याबद्दल त्यांना काहीच कळणार नाही, असा माझा हिशेब.

त्या वर्षी विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरून समिती आली. त्या दिवशी आम्हाला उचलून पहिल्या रांगेत बसवलं. फिरदौस, मणिपूरची मुलगी, मी, आणि आमच्या कडेला खुद्द जानकी मॅडम. फोटोवाला सारखा जवळ यायचा. मी कुजबुजत विचारलं, "मॅडम, आपल्यालाच का पुढे बसवलंय?" त्या समोर बघतच म्हणाल्या, "बस गं गुपचूप. आज आपण फर्निचर आहोत. चांगलं दिसायचं." मला हसू आलं. मग वाटलं, हे मला आपलंसं करायला तर बोलल्या नाहीत?

त्यानंतर महिन्याभरात विभागप्रमुखांकडे एक बिननावाची तक्रार गेली. मॅडम विद्यार्थ्यांच्या जातींची नोंद ठेवतात म्हणे. ती कोणी केली ते मला आजही माहीत नाही. मी नाही केली. पण सरांनी चार-पाच जणांना एकेकटं बोलावलं, त्यात मी होते. फिरदौस नव्हती.

सरांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "कार्डावर जात विचारली होती का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर कार्डं मागवतील, माझं खोटं उघडं पडेल, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सरांची सही राहिलीय ती अडेल. सर मला कुठल्या बाजूची समजतील, मॅडमच्या गोटातली तर नाही ना समजणार... सगळ्यांचाच संशय एकदम आला.

"आठवत नाही, सर," मी म्हणाले.

कार्डं बंद झाली. प्रवेशाच्या वेळी नवीन मुलांना अर्ज भरायला मदत करण्याचं काम मॅडम करायच्या, तेही काढून घेतलं. त्यांनी मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. एकदा जिन्यात गाठ पडली, तर म्हणाल्या, "दमलेली दिसतेस. आज किती वेळ लागला यायला?" मी "नेहमीइतकाच" म्हणून पुढे गेले. डबा मात्र त्या तासाला आणायच्या. टेबलावर ठेवायच्या, उघडायच्या नाहीत.

मॅडम गेल्यानंतर पंधरा दिवसांनी शिपाईमामांनी फिरदौसला आणि मला बोलावलं. मॅडमचा भाऊ सामान न्यायला येणार होता, कपाट आवरायचं होतं. सगळ्यात खालच्या खणात तो डबा होता. कार्डं आतच होती.

फिरदौसच्या कार्डामागे रेघांची जाळी झाली होती. समोरच्या बाकांवरच्या एका मुलाच्या कार्डामागे लिहिलं होतं, 'याला आता थांबवायचं.' मणिपूरच्या मुलीच्या मागे, 'आज स्वतःहून बोलली.' फिरदौस खाली बसली. "अगं, कोण बोलतं नि कोणाला चान्सच मिळत नाही, ते बघायच्या ना त्या."

माझ्या कार्डामागे दोनच रेघा होत्या. पुढच्या बाजूला 'मोठे काका, बी.कॉम.' या शब्दांशेजारी पेन्सिलने काढलेलं एक बारीक प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही. म्हणजे त्यांनाही माझा संशय आला होता. त्यांनी तो तिथेच ठेवला, मला विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी मॅडमचं स्वतःचं कार्ड निघालं. घरची भाषा, वारली. दोन तास, कधी अडीच. माझ्याआधी कोणी नाही. मागे रेघा होत्या, पण वर्गातल्या नाहीत. विभागाच्या बैठकांच्या तारखा ओळीने लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे, आपण किती वेळा बोललो त्याच्या रेघा. कुठे एक, कुठे एकही नाही. तक्रारीच्या आठवड्यातल्या तारखेपुढची जागा कोरी होती. त्या दिवशी त्या स्वतःसाठीसुद्धा बोलल्या नव्हत्या. की बोलू दिलं नाही? तेवढं कार्डावरून कळत नाही.

शोकसभेत सर म्हणाले, "जानकी मॅडम म्हणजे आपल्या विभागाच्या विविधतेचा चेहरा होत्या." मागे पडद्यावर तोच समितीच्या दिवसाचा फोटो. सरांना खरंच वाईट वाटलं असेल. मला माहीत नाही, माझा आता माझ्या संशयावरही भरवसा नाही. कोणाला बोलायचंय का, असं विचारलं तेव्हा मी उभी राहिले.

"कार्डावर जात विचारली नव्हती," मी म्हणाले. "सर, तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवत होतं."

सर म्हणाले, "बरं. बस." मी बसले. फिरदौसने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मॅडमच्या भावाने डबा आम्हालाच ठेवायला सांगितला. तो आता आमच्या घरी टीव्हीशेजारी आहे. परवा फिरदौस आली होती. तिच्यासमोर मी माझं कार्ड काढलं, काकांची ओळ खोडून 'कोणी नाही' असं लिहिलं, आणि 'मराठी'च्या शेजारी 'मालवणी'. बाबा बघत होते. या वेळी त्यांनी कित्याक विचारलं नाही.

"आणि मागे रेघ मार की," फिरदौस म्हणाली. "बोललीस ना सभेत."

पेन्सिल हातात होती. पण ती रेघ मारायचं काम माझं नव्हतं. मी कार्ड परत डब्यात ठेवलं. मॅडमच्या कार्डाच्या पुढे, जिथे ते होतं तिथेच. प्रश्नचिन्ह पुसलं नाही.