मामांचा रेडिओ आणि माझी यंत्रं

आज मी जो काही आहे तो नातेपुत्याच्या दिगंबरमामांमुळे. पुढे जे घडलं ते मात्र सर्वस्वी माझ्या कर्तबगारीमुळे!

मी मामांच्या घरी राहून शिकलो. परीक्षा आली की ते आपला लाडका व्हॉल्व्हचा रेडिओ बंद ठेवायचे आणि बातम्या ऐकायला शेजारच्या ओट्यावर जायचे. त्या रेडिओच्या मौनावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. तोही फिजिक्समध्ये! त्यामुळे रेडिओ खरोखरच मुका झाला तेव्हा मामांनी तो एसटीने थेट सोलापूरला माझ्याकडे धाडला.

"नुसता दिवा लागतोय, बोलत न्हाय," मामा फोनवर म्हणाले. "तू शिकलेला हायेस की! पाडव्याला समद्या गल्लीला ऐकायला बोलावलंय."

म्हणजे इज्जत मामांची आणि परीक्षा माझी.

"एक स्क्रू ड्रायव्हर आणा," बायको म्हणाली.

"सुनंदा, आधी तपासणी, मग उपचार!"

मी रोज व्हिडिओ बघून तपासणीची यंत्रं निवडली. सगळ्यात जास्त आकडे असलेला मल्टिमीटर (वीज मोजतो). रंगीत पडद्याचा ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट दाखवतो). शिवाय सिग्नल जनरेटर (नुसती शिट्टी वाजवतो). फ्रिजसाठी ठेवलेले पैसे संपले.

"ह्यात दूध ठेवता येतं का?" सुनंदाने विचारलं.

मल्टिमीटरचं बटण ओहमवर (ते बंद तारा तपासायला, चालू विजेला नव्हे) ठेवून मी त्याच्या पिना घरच्या सॉकेटमध्ये घातल्या. मल्टिमीटर गेला. मग ऑसिलोस्कोपचा अर्थिंगचा चिमटा रेडिओच्या सांगाड्याला लावला. त्या जातीच्या रेडिओच्या सांगाड्यातच मेनची वीज खेळते, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. (मी शेवटपर्यंत बघतो कुठे!) धडाम! अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली.

"क्या पटाखा फोड्या रे मास्तर?" खालून सलमाखाला ओरडल्या. "मेरी सिरियल गई ना!"

"तपासणी चालू आहे, खाला!"

"किसकी? हमारी?"

लाईट आल्यावर सुनंदाने सिग्नल जनरेटर कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. फरशी पुसताना रेडिओमागची लोंबती वायर पायात यायला लागली, म्हणून तिने ती उचलून गॅलरीतल्या कपडे वाळवायच्या लोखंडी तारेला अडकवली.

आणि रेडिओ कांद्याचे बाजारभाव सांगू लागला!

मी घाईने मामींना फोन लावला. "मामी, तुमच्या अंगणात कपड्यांची तार होती ना?"

"ती व्हय? गंजली हुती, काढून टाकली. निळी प्लास्टिकची दोरी बांदलीय. लई झ्याक!"

"आणि रेडिओची वायर?"

"दोरीला बांदलीय की!"

मामांना फोनवरचं खरं वाटत नाही, त्यांना कागद लागतो. म्हणून रेडिओसोबत हे पत्र पाठवलं:

"तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. आपला रेडिओ ठणठणीत आहे. पाडव्याआधी अंगणात एरियल म्हणून लोखंडी तार तेवढी बांधून घ्यावी. दुरुस्ती आपल्या सूनबाईंनी केली, हे गल्लीत न सांगितल्यास उपकार होतील. ता. क. इथे माझी दोन यंत्रं बंद पडली आहेत. नातेपुत्यात कुणी दुरुस्त करणारा असल्यास कळवावे; पण फिजिक्सवाला नको."