वहिनीच्या हातावरचे ठिपके

मी शिरपूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. माहेर यावलजवळचं, केळीच्या बागांमधलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्या सणाला खापरावरचे मांडे होतात. घरी ते माझी वहिनीच करायची. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. एरवी चार शब्द न बोलणारी वहिनी तेवढ्यापुरती मिरवून घ्यायची.

मग तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, पांढरा चट्टा उठला. पुढे बोटांची टोकंही पांढरी झाली. घरात कोणी काही बोललं नाही, तीच मागे सरली, उन्हाळ्यातही लांब बाह्यांची पोलकी घालायला लागली. मागच्या आखाजीला "मनगट दुखतं" म्हणाली आणि मांडे बाहेरून आणले. ती आत चहा करत बसली. एका काकूंनी "मासे खाऊन दूध प्यायली असशील" असं निदान केलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात मासे शिजतात तरी कधी?

नंतर कळलं, वहिनी बागेत गेली की केळीचा चीक त्या चट्ट्यावर चोळून घेते! चिकाचा डाग काळपट तपकिरी, कपड्याला लागला तर जन्मात जात नाही. कातडीवर मात्र तो वरवरचा. थोड्या दिवसांत झडतो, की ही परत चोळते. मी तिला ओढतच जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून चट्टा बघितला, मलम दिलं, मशीनच्या प्रकाशात बसायला बोलावलं आणि चीक लावणं, घासणं, खरवडणं सगळं बंद करायला सांगितलं. कातडी दुखावली की तिथे नवा चट्टा उठू शकतो, म्हणाल्या.

परतताना एसटीत वहिनीने विचारलं, "ताई, रंग येतो कुठून वो?"

मी सांगितलं. वरच्या कातडीच्या अगदी तळाच्या थरात रंग करणाऱ्या पेशी असतात. अन्नातून मिळणाऱ्या साध्याशा द्रव्यापासून त्या मेलॅनिन करतात, चिरलेलं केळं काळं पडतं ना, काहीसं तसंच. मग त्याचे बारीक दाणे शेजारच्या पेशींना वाटून टाकतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशी जवळजवळ सारख्याच, दाणे तेवढे कमीजास्त. "तुझ्या चट्ट्यातल्या त्या पेशी गेल्यात. पण तिथले केस अजून काळे आहेत, म्हणून बाई म्हणाल्या आशा आहे."

"गेलेले कुठं परत येतात," वहिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पण मलम लावत राहिली, जळगावच्या खेपाही चुकवल्या नाहीत.

या आखाजीच्या आदल्या दिवशी मी पिशवी घेऊन दारात शिरले, तर ही मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून लिंबू-मीठ लावून हात घासतेय.

"अगं ए, काय चाललंय हे?" मी ओरडलेच.

"चीक हाये वो. मी लावला नाही, देवाशप्पथ. बागेत उडला असंल. घासून घासून हात सोलला, पन निघतच नाही."

मी तिच्या हातातलं लिंबू हिसकावलं आणि हात उन्हात धरला. लालबुंद झालेल्या पांढऱ्या चट्ट्यात बारीक तपकिरी ठिपके होते. नीट बघितलं, तर प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस.

"बाई गं! वहिनी, हा चीक नाही. रंग आहे, तुझा स्वतःचा!" केसाच्या मुळाशीही रंगाच्या पेशी असतात. कातडीतल्या संपल्या, तरी त्या शिल्लक राहिल्या होत्या आणि आता मुळातून वर येऊन पसरत होत्या. हे सांगताना मला रडूच फुटलं. तिने एक ठिपका नखाने हळूच दाबून बघितला. नंतर पदराने हात पुसला, अगदी हलक्या हाताने.

"आन हे?" तिने बोटांची टोकं पुढे केली.

खोटं बोलवेना. "टोकांना केस नसतात गं. तिथला रंग परत येणं अवघड."

तिने बोटं एकदा उलटसुलट करून बघितली.

"मंग बोटांसाठी काहाले थांबू?" ती म्हणाली. "ते त असेच राह्यतीन. उद्या मीच बसते मांड्याले. तुमी तेवढं पुरन वाटून द्या."

आणि लांब बाह्यांचं पोलकं बदलायला आत गेली.