उंदरांची खैरियत

शहागंजातला आमचा धान्यवाला माणसांची खुशाली कधी विचारायचा नाही. ज्वारी मापताना नजर मापावर ठेवून तो एवढंच म्हणायचा, "मास्तर, घरच्या उंदरांची खैरियत हाय ना?"

नवं गिऱ्हाईक हसायचं. तो हसायचा नाही. उंदरांनी पोतं कुरतडलं म्हटलं, की त्याचा चेहरा खुलायचा. "लई चांगलं झालं," म्हणून तो वर मूठभर ज्वारी टाकायचा. त्याच्या दुकानात ना मांजर होतं, ना सापळा.

मागच्या प्लेगात आधी उंदीर पडले, मग माणसं. निजाम सरकारची दवंडी पिटली आणि उरलेलं शहर गारखेड्याच्या रानात झोपड्या बांधून राहिलं. हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. घरी परतल्यावर आम्ही सापळे लावले. त्यानं उंदरांची विचारपूस सुरू केली.

एका हिवाळ्यात मी मोठ्या खुशीत त्याला सांगितलं, "सुटलो बुवा! घरात एक उंदीर दिसत नाही. माळ्यावर वास तेवढा येतोय. बायको आत्ताच झाडू घेऊन वर चढलीय."

त्याचं माप हवेतच थांबलं. त्यानं ज्वारी पोत्यात परत ओतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बरे हाय ना? आन् भाभी?"

पिशवी तिथंच टाकून मी घराकडं पळत सुटलो.