व्हॅनअण्णांची तपासणी

"गांजा नाही ओढलात, मग पट्टीवरून चालताना झोक का गेला?" भार्गवीनं कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं.

"हळू. शेजारी ऐकतायत," सुधींद्र म्हणाले.

"ऐकू देत. शाळेच्या फाटकात सगळ्यांनी बघितलंच आहे."

बँकेतून लवकर निवृत्त होऊन सुधींद्रांनी शाळेची व्हॅन घेतली होती. चामराजपेट भागातली मुलं त्यांना व्हॅनअण्णा म्हणायची. कुणाला मळमळतं, कुणाला खिडकी द्यायची, सगळं त्यांना पाठ. काल द्वादशीला सकाळी पोलीस शाळांच्या गाड्या तपासत होते. सुधींद्रांनी यंत्रात फुंकलं तर दारूचा मागमूस नाही. पण जीभ जड लागली म्हणून इन्स्पेक्टरनं त्यांना रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून टाचेला अंगठा जोडत चालवलं, एका पायावर उभं केलं, डोळ्यांत टॉर्च मारला. मग सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे नशेची खूण, असं तिथल्या डॉक्टरनं लिहून दिलं.

भार्गवीचा मामेभाऊ हयवदन वकील. तो समोर कॉफी पीत बसला होता.

"अक्का, स्वल्प, जरा ऐक. रक्तात काही निघालं तरी तेवढ्यानं भागत नाही. गाडी सांभाळता येत नव्हती, हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं. आपण म्हणू, एकादशीचा निर्जळी उपवास, अशक्तपणा, तोल गेला. साक्ष तू द्यायचीस. सरी, ठीक आहे ना?"

"निर्जळी मीही होते. माझ्या बाहुल्या कुठे बारीक झाल्या?"

हयवदन विरघळलेली साखर पुन्हा ढवळू लागला.

गेले काही महिने ती नवऱ्यावर नजर ठेवून होती. बोलता बोलता हरवायचे, पेपर हातात धरून पेंगायचे. तिनं त्यांचे सदरे हुंगले होते, खिसे उलटे केले होते. काही मिळालं नव्हतं.

"भावोजी, काही घेतलं होतं का?" हयवदननं विचारलं.

"छे, काही नाही."

फार पटकन आलं उत्तर. भार्गवीला कालचं पारणं आठवलं. पान वाढायला ती वळली, तेव्हा यांनी मान मागे टाकून काहीतरी घटकन गिळलं होतं.

"पारण्याला काय गिळलंत?"

सुधींद्रांनी कंबरेवर हात ठेवला. "कंबरेच्या गोळ्या. डॉक्टरांनीच दिलेल्या. एकादशीला पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कशी घेणार? दिवसभराच्या राहिलेल्या सकाळी एकदम घेतल्या. मुलांची दप्तरं उचलायची असतात ना."

"हे बाहेर बोलू नका," हयवदन घाईनं म्हणाला. "गोळी डॉक्टरांची असली तरी कायदा ती सोडत नाही."

"घेतल्यावर गाडी चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते?" भार्गवीनं विचारलं.

"म्हणाले होते."

"आणि असं पहिल्यांदाच केलंत?"

सुधींद्रांनी पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अहो, तुम्हाला विचारतेय."

"दर द्वादशीला," ते म्हणाले. "कधी काही झालं नाही ग."

भार्गवीनं गॅस बंद केला, हात पुसले.

"साक्ष मी देईन. आत्ता ऐकलं तेच सांगेन. आणि मुलं उद्यापासून दुसऱ्या व्हॅननं जातील. सगळ्यांच्या आयांना मी आत्ताच फोन करतेय."