मेलेल्या माणसाने जेवायला कुठे जायचं

माझे यजमान वारून बरीच वर्षं झाली, पण ते जेवायला कुठे जाणार यावरून माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं गेल्या दिवाळीनंतर वाजलं.

माझी नात रूपाली मेक्सिकोत कंपनीच्या कामाला आहे. सुट्टीत वेवजीला आमच्या घरी आली ती तिकडचा सण घेऊनच. म्हणाली, "आजी, या दिवसांत तिकडे मेलेली माणसं भेटायला येतात. त्यांचा फोटो मांडायचा, आवडीचं जेवण ठेवायचं, झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची. आजोबांसाठी करू या."

"सर्वपित्रीला जेवून गेलेत ते. इतक्यात परत कशाला?"

"करायचं कुठे तेवढं सांग. इथे, की बोर्डीला सुशीआजीकडे?"

सुशी म्हणजे माझी बहीण. तिचं नाव निघालं आणि मला तो सण एकदम पटला.

"इथेच. मेलेलं माणूस आपल्या घरी येतं. बोर्डीचा रस्ता त्यांना काय माहीत?"

"आई, दर रविवारी बाबा बोर्डीलाच असायचे," माझा मुलगा म्हणाला. (याला मीच जन्म दिला.)

"चिकू आणायला जायचे."

"मग हाताला बोंबलाचा वास कसा यायचा?"

रूपालीने विचारलं, आजोबांना तुझ्या हातचं काय आवडायचं? मी म्हटलं, उडदाची आमटी. मुलगा हसत सुटला. बाबा ती गुपचूप म्हशीच्या घमेल्यात ओतायचे म्हणे. आणि मी इतकी वर्षं समजत होते, म्हशीला माझा लळा आहे!

ठरलं बोर्डी. मी त्यांचा फोटो मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. आमटीचा डबा पायाशी ठेवला. हार मानायची माझी सवय नाही.

सुशीने फाटकापासून ओटीपर्यंत पाकळ्या पसरल्या होत्या. शिवाय तिच्याकडे त्यांचा वेगळाच फोटो निघाला. माझ्या फोटोत ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. तिच्या फोटोत पुढ्यात बोंबलाचं कालवण, आणि सगळे दात बाहेर.

"हा कधी काढलास गं?"

"भाऊजी जेवताना, ताई. का? घरी हसायचे नाहीत?"

सगळे चहाला आत गेले, तशी मी फोटोपुढे तिने मांडलेलं बोंबलाचं ताट मागे सारलं आणि माझी आमटी पुढे ठेवली. तेवढ्यात सुशीचा बोका पाकळ्यांच्या वाटेवरूनच चालत आला, अगदी सावकाश, पाहुण्यासारखा. त्याने आमटी हुंगली, तोंड फिरवलं आणि मागच्या ताटातला बोंबील उचलला. नेमके तेव्हाच सगळे बाहेर आले.

"भाऊजीच गं," सुशी डोळे पुसत म्हणाली.

मी चप्पल उचलली. रूपालीने माझा हात धरला. "आजी, जेवू दे ना त्यांना."

परतताना जीपमध्ये तिने मला चुचकारलं. "आजी, पुढेमागे तुझ्यासाठी हा सण करायचा झाला, तर वेवजीलाच करू हं."

"काही नको. बोर्डीलाच करा," मी म्हटलं. "त्यांना तिच्याकडे एकटं सोडायची नाही मी."