तुंगाक्काची न धुतलेली पूजा

बंगळूरला समुद्र नाही, पण समुद्रातला मळ मात्र इथं ट्रकनं येतो. बंगालच्या उपसागरात वर्षभर बुडून राहिलेली, पाण्याचा खारटपणा मोजणारी यंत्रं पेटीत घालून एका प्रयोगशाळेत आणतात, आणि ती घासून लख्ख करते तुंगाबाई. चामराजपेटेतल्या चार पिढ्यांच्या मराठी घरातली ही बाई. तिला सगळे तुंगाक्काच म्हणतात. शेवाळ, चिखल, शिंपल्यांसारखे घट्ट चिकटलेले जीव, काहीही असो, अक्काच्या ब्रशापुढं टिकत नाही. स्वच्छतेच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

या स्वच्छतेनंच एकदा घात केला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं आलेलं यंत्र न विचारता चकचकीत करून ठेवलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. यंत्र आधी मळलेलंच तपासायचं असतं, तरच कळतं की मळानं आकडे बिघडवले की नाही. एकदा धुतलं की तो पुरावा गटारात. अक्का दोन दिवस जेवली नव्हती.

यंदा यंत्र आलं ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. केबल लावून आकडे उतरवले, तर शेवटच्या दोन महिन्यांत पाण्याचा खारटपणा एकदम उतरलेला. इथं पीएचडी करणाऱ्या मेघाश्रीचा सगळा प्रबंध या दोन महिन्यांवर उभा राहणार होता. नद्यांचं गोडं पाणी इतक्या दूरवर पोचतं, असं ती म्हणत होती. तिच्या मार्गदर्शक भव्या मॅडम म्हणाल्या, "यंत्रावर थर बसलाय, म्हणून आकडा उतरला. दोन महिने काढून टाक." पोरीचा चेहरा पडला. खारटपणाचं माप माहीत असलेल्या पाण्याच्या टाकीत यंत्र मळलेलंच बुडवून पाहणं, एवढा एकच उपाय होता. पण त्या टाकीचं पाणी स्थिर व्हायला उद्या दुपार होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची गडबड. बंगळूरात त्या दिवशी रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळं धुऊन निघतं. कचेरीचे अधीक्षक अप्पासाहेब पाण्याचा पाइप घेऊनच आले.

"काय हा वास! पूजेला असलं घाणेरडं ठेवतात काय हो?"

अक्का यंत्राच्या आडवी उभी राहिली. "स्वल्प थांबा, साहेब. याला पाणी लावायचं नाही."

"तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

"मीच सांगतेय. देवी रागावली तर माझ्यावर रागावू दे."

अप्पासाहेब पुटपुटत पाइप गुंडाळायला लागले. यंत्रावरचा थर वाळू नये म्हणून अक्कानं रात्रभर त्याला, यंत्राबरोबर पिंपातून आलेल्या समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं पोतं गुंडाळून ठेवलं होतं. ते तिनं जरा बाजूला सारलं आणि मागच्या झाकणावर, मोजणाऱ्या भागापासून लांब, कुंकवाचं एकच बोट टेकवलं. झेंडूच्या माळांत सगळी यंत्रं आरशासारखी चमकत होती आणि मधोमध हे मासळीबाजाराचं गाठोडं. भटजींनी नाकाला उपरणं लावून मंत्र उरकले. दारात कोहळा फुटला. मेघाश्रीनं प्रसाद हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

दुपारी यंत्र टाकीत उतरलं. पाण्याचं माप होतं तेहतीस. पडद्यावरचा आकडा हलला, घुटमळला आणि थांबला. बत्तीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

भव्या मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "एवढ्या थरानं एवढासाच फरक? म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मेघाश्री, गोडं पाणी आलं होतं. ते दोन महिने राहू देत."

मेघाश्रीनं किंचाळून अक्काला मिठी मारली. अक्काचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलेही नाहीत. "पोरी, पदराला मासळीचा वास येतोय, सोड ग!" म्हणत तीच तिला धरून राहिली.

मॅडमनी कोपऱ्यातला ब्रश उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "अक्का, आता धुवा."

"सरी, धुते," अक्का म्हणाली आणि पदर खोचून बसली. शेवाळ उडालं, शिंपा उडाल्या, बघायला आलेल्या अप्पासाहेबांच्या नव्या सदऱ्यावर चिखल उडाला. इतक्या आनंदानं तिनं आजवर काहीच घासलं नव्हतं.