दोन ओळींच्या वहीचे माणिकराव

पुसेगावच्या माणिकरावांची आणि माझी पहिली भेट गोरेगावच्या बाजारात झाली. मी नवा मास्तर, कवितेची हौस दांडगी. भेटताच खिशातून लांबलचक काव्य काढले आणि शेवटपर्यंत वाचले. माणिकरावांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कापडात गुंडाळलेली एक वही पुढे केली आणि म्हणाले, वरच्या दोन ओळी बाळापूरच्या माणसाच्या आहेत, खाली तुम्ही दोनच द्या, पुढचे पुढचा बघेल. मला राग आला. तरी लिहिल्या.

माणिकराव शेतकरी. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, अशा त्या निजामी अमलात त्यांनी मराठी ओळींची ही वही सुरू केली. बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर ती गोरेगाव, पुसेगाव, आखाडा बाळापूर अशी फिरे. ज्याच्या हाती येईल त्याने आधीच्या ओळींना जोडून दोन ओळी द्यायच्या, नाव घालायचे नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचे, आणि लिहिणाऱ्याने बरोबर तसेच उतरून घ्यायचे. ही शेवटची रीत मीच मोडली.

मेंढरे राखणाऱ्या धुरपताबाई लोकर विकायला बाजारात येत. एकदा त्यांनी मला ओळी सांगितल्या:

मेंढरू चुकलं, म्या आरडले न्हाई,
तिकडं चारा होता, खाऊन आलं.

ना यमक, ना वृत्त. मी आपली विद्वत्ता पाजळली आणि लिहिले:

चुकल्या कोकरा कोण दावी वाट,
दाटली नयनी आसवांची लाट.

पुढच्या बाजारी माणिकरावांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर वही वाचली. धुरपताबाई म्हणाल्या, "हे माहं न्हाई. म्या कवा रडले?" लोक हसले. बाई गाठोडे उचलून निघून गेल्या. त्यानंतर कुंभार, तेली, तोंडी ओळी देणारे सगळेच वहीपासून दूर राहू लागले. वही आम्हा चार लिहिणाऱ्यांची उरली.

माणिकराव मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, बाई ओळ देतील तेव्हाच वही उघडायची." एका अडाणी बाईपायी वही बंद ठेवायची काय, असे मी त्यांना विचारले होते. आज ते लिहिताना लाज वाटते. त्यांनी वहाणा घातल्या आणि मला बरोबर घेऊन मेंढरे बसली होती त्या शेताकडे निघाले. बाई बोलल्याच नाहीत. आठवड्याने पुन्हा गेलो, तर सवड नाही म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला माणिकरावांचा गुडघा सुजलेला होता. मी बैलगाडी काढू म्हटले, तर गाडीवाट तिथवर जात नाही म्हणून काठी टेकत चालू लागले.

ओढ्याकाठी बाई भेटल्या. माणिकरावांनी हात जोडले, म्हणाले वही माझी, चूक माझी. खरे तर चूक सगळी माझी होती. मी खाली मान घालून तसे सांगितले. बाईंनी त्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिले.

"माह्या दोन ओळीसाठी इतकी तकलीफ काहून?"

"तुमची ओळ खोटी लिवली, तर तिच्यापुढं आमी जोडलेलं समदं खोटंच व्हईल, बाई," माणिकराव म्हणाले.

बाईंनी माणिकरावांना दगडावर बसवले. मग त्यांनी ओळी पुन्हा सांगितल्या. मी स्वतःचे लिहिलेले खोडले आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले. त्या आठवड्यात कुंभारानेही ओळी दिल्या. मराठी लिहायला मी पुस्तकांतून शिकलो होतो, ऐकायला मला माणिकरावांनी शिकवले.

आता अंमल बदलला आहे आणि माणिकरावांनी साठी गाठली आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा लिहायला मी बसलो, पण माझी सगळी वाक्ये फिकी वाटली. म्हणून धुरपताबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे:

म्हातारा झाला, पर चालून येतो माणसापाशी.
देवा, त्याले शंभर वर्सं चालू दे, मंग बी घाई करू नको.